सनदेची फी आणि आपली मुले
(विहारात झालेल्या भाषणावरून)



समितीने मला ‘वकील कसे व्हावे’ हा विषय दिला आहे. कॉलेज आणि प्रवेशाची माहिती मुलांना माझ्यापेक्षा जास्त असते. मी बोलणार आहे ते एलएल.बी. झाल्यानंतरचं, कारण आपली पोरं अडतात ती तिथं. नुसत्या पदवीवर कोर्टात उभं राहता येत नाही. बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते.

बाबासाहेब १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. एवढा विद्वान माणूस मुंबईत परतला, तर सनद काढायला जवळ पैसे नव्हते! १९२३ मध्ये मित्र नवल भथेना यांनी मदत केली, तेव्हा कुठे हायकोर्टाची वकिली सुरू झाली.

पुढे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये फी ठरवून दिली गेली. आज ती साडेसातशे रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी फक्त १२५. पण निरनिराळ्या नावांखाली राज्याराज्यांत १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेतली जात होती. हमाली करणाऱ्या बापानं ती आणायची कुठून? शेवटी ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. (आधी भरलेले मात्र परत मिळत नाहीत.) मुद्रांक शुल्क लागलं तर ते वेगळं.

ही सवलत दाखल्यावर मिळते. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण कागद हातात नसेल तर त्याचा उपयोग काय? शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका, दाखला आत्ताच काढा.

परीक्षेला पोरं उगाच घाबरतात. प्रश्न शंभर, पर्यायी उत्तरांचे. चुकलं तर गुण कापत नाहीत. पेपर मराठीतूनही देता येतो. टिपणं नसलेली कायद्याची मूळ पुस्तकं, म्हणजे बेअर ॲक्ट, सोबत नेता येतात. पण कलम कुठं आहे हे आधीच माहीत पाहिजे, तिथं बसून शोधाल तर वेळ जाईल. आणि पुस्तक जुनं नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे.

आई-वडिलांना एकच सांगतो. सनद आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पोरगं सिनियरकडे फायली उचलेल आणि घरात फारसा पैसा येणार नाही. ‘वकील झाला, मग कमावत का नाही?’ असं शेजारी विचारतील. मुलीच्या बाबतीत तर लगेच लग्नाचा विषय निघतो. तेवढी वर्षं तिला कोर्टात जाऊ द्या.

मी बेअर ॲक्टचे दोन संच विहाराच्या कपाटात ठेवतो आहे. दर रविवारी वंदनेनंतर मी इथंच बसेन. ज्यांचे दाखले अडलेत त्यांनी कागद घेऊन यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!