चित्रातले वावर
(जठारपेठ, अकोला येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आपल्यापैकी कितीतरी जणांची पोरे या जठारपेठेत खोली करून शिकायला राहतात. त्यांची चित्रकलेची वही एकदा उघडून पाहा. निसर्गचित्र काढ म्हटले की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळ. अकोल्याच्या उन्हात नारळ! पऱ्हाटी कुठे नाही, डवरा नाही, निंदणारी बाई तर नाहीच. पोरांचा दोष नाही. वावर ही लांबून पाहायची शोभेची वस्तू, असेच त्यांना शिकवलेले आहे.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेत अशा चित्रांचा मोठा षौक होता. हिरवे खोरे, चरणारी गुरे, सगळीकडे शांतता. त्यातले एक चित्र आम्हाला फार बोलके वाटते. जॉर्ज इनेस नावाच्या चित्रकाराने १८५५ च्या सुमारास लॅकवानाचे खोरे रंगवले. उतारावर एक पोरगा आरामात बसून खाली बघतो आहे. खाली धूर सोडत गाडी येते, मागे इंजिनांची गोल शेड. पाहणारा म्हणतो, वा! मग नजर जरा खाली येते. पोराच्या पुढच्या साऱ्या जमिनीवर तोडलेल्या झाडांची खुंटेच खुंटे.

हे चित्र काढवून घेतले रेल्वे कंपनीने. मोबदला ७५ डॉलर. ज्याने पैसे मोजले त्याची शेड चित्रात आली. झाडे कोणी तोडली, जमीन कोण कसतो, याचे पैसे कोणी दिले नव्हते, म्हणून ती माणसे आली नाहीत. हिशेब सरळ आहे. पुढे मेक्सिको शहरात जुन्या सामानाच्या दुकानात हे चित्र खुद्द इनेसलाच सापडले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली, ती आपला कापूस मुंबईला न्यायला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, इकडे भाव आभाळाला भिडले. लढाई संपली, भाव कोसळले. त्या वेळी अकोल्याच्या स्टेशनाचे चित्र कोणी काढले असते, तर गठाणी दिसल्या असत्या, इंजिन दिसले असते. सावकाराचा कागद दिसला नसता.

तो कागद दाखवणारा चित्रकार महाराष्ट्रात पुढे निघाला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवत ते मोठे झाले. पडद्यावरचे जंगल, रस्ता, महाल, सगळे देखणेच लागायचे. याच माणसाने सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्यातले एक दृश्य पाहणाऱ्यांनी जन्मभर लक्षात ठेवले: काळोखातली झोपडी आणि रडणारे कुत्रे. बाकी काही नाही. झोपडी तीच, पोरांच्या वहीत असते ती. फक्त आत काय घडले ते माहीत असलेल्या माणसाने ती दाखवली.

आमच्या गावच्या एका पोराला आम्ही म्हटले, नारळ खोड, आपले वावर काढ. त्याने काढले. पऱ्हाटी, धुऱ्यावरची बाभूळ, पाठीला ओटी बांधून वेचणारी माय. शाळेत मार्क कमी पडले. निसर्गचित्रात एवढी माणसे नकोत म्हणे. ते चित्र बाहेर चहाच्या टेबलाशेजारी लावले आहे. जाताना पाहून जा. पोरगाही तिथेच उभा आहे.