घरातले रिव्हॉल्वर
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या हळदीकुंकवाला चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला : "तुमच्याकडे रिव्हॉल्वर आहे म्हणे, ते चालवता येते का हो?" तेव्हा वाणाची गडबड होती, उत्तर राहून गेले. आज अध्यक्षबाईंनी त्याच विषयावर बोलायची आज्ञा केली. मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. स्वयंपाकघरात बोलते तसेच बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

आमचे घर गावाबाहेर, वाड्याच्या रस्त्याला. सासऱ्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि कामगारांचा पगार रोख न्यावा लागे, म्हणून त्यांनी परवाना काढला. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर, घरचे पुरुष रात्रपाळीला असतात म्हणून, रीतसर अर्ज होऊन परवाना माझ्या नावावर झाला. पोलिसांची चौकशी झाली, डॉक्टरांचा दाखला लागला आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागले. घरात एकाचा परवाना असला की कोणीही ते कमरेला लावावे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ज्याच्या नावाचा परवाना, त्यानेच ते बाळगायचे.

आमचे रिव्हॉल्वर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले, .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे. वरचा खटका दाबला की नळी पुढे वाकते आणि काडतुसे बाहेर येतात. २०१४ साली कानपूरहूनच 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून निघाले. दिल्लीच्या २०१२ च्या त्या प्रकारानंतर त्याला हे नाव मिळाले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात! एवढ्या पैशांत आपल्या किती मुलींना रात्री क्लासहून रिक्षाने घरी आणता येईल, हा हिशेब माझ्या मनात तेव्हाही आला होता.

आता निगा. शिवणाचे मशीन सांभाळणाऱ्या बाईला ही विद्या जड नाही. पहिली गोष्ट, काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग सहाही घरे डोळ्यांनी पाहायची आणि बोटाने चाचपायची. पाहिलेले पुन्हा एकदा पाहायचे. गजाला मऊ कापडाची चिंधी लावून नळी आणि घरे पुसायची. मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या वापरते, त्यांचे सूत सुटत नाही. आपल्या भिवंडीत मागांच्या कापसाचा भुरका हवेत असतोच. तो तेलाला चिकटतो आणि लगदा होतो. म्हणून तेल अगदी थोडे, दोन थेंब, आणि तेही पुसून घ्यायचे. जास्त तेल काडतुसाच्या बुडाशी झिरपले तर ऐन वेळी ते उडत नाही. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, चामडे ओल धरते आणि लोखंड गंजते. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. जून ते सप्टेंबर मी दर पंधरा दिवसांनी पुसते, एरवी महिन्याने. गोळी झाडली असेल तर त्याच दिवशी. आणि हे काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नये, कारण त्या काजळीत शिसे असते. ओट्यावर तर हे काम कधीच करू नये.

सरावाचे म्हणाल तर परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, शिवाय ती महाग. खरी गोळी फक्त नेमबाजीच्या मैदानावर झाडायची. मुंबईला वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान प्रसिद्ध आहे. घरी मी नकली काडतुसे घालून भिंतीकडे तोंड करून सराव करते. नळीवर रुपया ठेवायचा आणि तो न पडता घोडा सावकाश दाबायचा. घोडा बराच जड असतो. पहिल्या महिन्यात मनगट भरून येते, पाट्यावर वाटणाऱ्या बाईला मात्र लवकर जमते! कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय स्त्री एक मराठी मुलगी, हे ऐकून मला फार बरे वाटले होते. पण मैदानावर पुठ्ठ्याचे चक्र असते. ते हलत नाही आणि त्याला आईबापही नसतात.

हे का म्हणते ते सांगते. एके रात्री अडीचच्या सुमारास मागच्या दाराला कोणीतरी खांदा लावत होते. घरात मी, सासूबाई आणि मुले. कपाट उघडायचे मनात आले, किल्ली हातातही घेतली. पण आधी सगळे दिवे लावले आणि मोठ्याने ओरडले. शेजारच्या वाडीतली माणसे काठ्या घेऊन धावली. दाराशी कोण, तर आमच्याच आळीतला एक मुलगा, दारू प्यालेला, आपलेच घर समजून दार ढकलत होता. त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. मी तिला चहा दिला, दुसरे काय देणार? आज तो मुलगा कामाला जातो.

कायदाही तेच सांगतो. जुन्या दंडसंहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, की स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण जरुरीपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. लग्नाच्या हळदीत हवेत बार काढणाऱ्या भाऊबंदांना हेही सांगा, की २०१९ च्या दुरुस्तीने बेदरकारपणे असा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी पत्र्यावर खाली येतेच.

निवडणूक आली की हत्यार जमा करायचा हुकूम येऊ शकतो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन वेळा आम्ही जमा केले. देण्यापूर्वी पुसून घ्यावे, पावती नीट ठेवावी आणि परत घेताना क्रमांक जुळवून पाहावा.

काही जणी म्हणाल्या, आम्हालाही काढून द्या परवाना. ज्या घरात दारू येते, जिथे नवराबायकोचे भांडण हातघाईवर जाते किंवा जिथे कुलपाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, त्या घरी मी हो म्हणणार नाही, मग रुसवा आला तरी चालेल. ज्यांची खरीच अडचण आहे त्यांनी घरी यावे, अर्ज कसा करायचा ते दाखवीन. रिव्हॉल्वर मात्र दाखवणार नाही. आजही ते मी बरोबर आणलेले नाही. कपाटात कुलपात आहे, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.