आधी हिशेब विचारायला शिकू या

व्यसनमुक्ती केंद्रांत, रुग्णालयांत, कुटुंब न्यायालयांत, वस्त्यांवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

 वर्तनाची व्यसनं हा या परिषदेचा विषय. मुलांच्या गेमिंगवर उद्या स्वतंत्र सत्र आहे. त्यामुळे आज मी जुगाराबद्दलच बोलणार आहे, आणि त्यातही मुख्यतः पैशाबद्दल.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं संपत होती, तो काळ. व्यसन हा आजार आहे आणि घरच्यांनाही उपचारात घ्यावं लागतं, हे आपल्यातले कितीतरी जण अशा केंद्रांमुळे शिकले. पण आपले केसपेपर, आपले प्रश्न आणि आपली नजरही दारू-गर्दवरच घडली. जुगाराला वास येत नाही. हात थरथरत नाहीत, तोल जात नाही. माणूस वेळेवर कामावर जातो, रात्री पंगतीला बसतो, आणि संसार खिशातल्या फोनमधून रिकामा होत असतो. वसुलीवाल्याचा फोन मेव्हण्याला जातो, तेव्हा घराला कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगार आणि गेमिंग हे दोन्ही व्यसनाधीन वर्तनाचे विकार म्हणून नोंदले आहेत. मटक्याच्या मुंबईला हे कुणी सांगायला नको होतं. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर इथे आकडा लागायचा, आणि जुगारबंदीचा कायदा तर १८८७ सालचा. पोलिसांकडे उत्तर होतं, आपल्याकडे मात्र नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मी या बंदीच्या बाजूची आहे. त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ पुरवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार वळते करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. समोर बसलेल्या घाबरलेल्या पोराला हे सांगता आलं पाहिजे. पण बंदीने कर्ज फिटत नाही, आणि गेलेले पैसे एका डावात परत मिळवण्याची ओढही जात नाही. बंदी असतानाही मटका चाललाच होता.

आता मुद्द्याचं. पोराचं कर्ज उघडं पडतं, तेव्हा आई पाटल्या मोडते, वडील भविष्य निर्वाह निधी काढतात, एकरभर जमीन जाते. सगळं एकदाचं फेडून टाकू, म्हणजे तो सुधारेल, असं त्यांना वाटतं. हे प्रेमच आहे, त्याला नावं ठेवू नका. पण फेडलेल्या कर्जाने पुन्हा उधारी मिळायला लागते, आणि जे कर्ज त्याने लाजेपोटी सांगितलंच नाही, ते फेडण्यासाठी तो पुन्हा डाव लावतो. म्हणून एक रुपयाही देण्याआधी पूर्ण यादी. बँक, पतसंस्था, ऑफिसची सोसायटी, लोन अ‍ॅप, सावकार, मित्र, बायकोचे दागिने. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. हातउसने मात्र त्यात दिसत नाहीत, ते विचारूनच काढावे लागतात. ही यादी करायला दोन-तीन बैठका जातात. पहिल्या बैठकीत कुणीही सगळं सांगत नाही.

आपल्या समाजकार्याच्या शिक्षणात हे कौशल्य कुठे आहे? बालपणाबद्दल, वैवाहिक संबंधांबद्दल आपण विचारतो, पगाराचं खातं कोण सांभाळतं हे विचारताना संकोचतो. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावं-नंबर उचलायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्याला तोंडपाठ हवेत. बेकायदा सावकाराविरुद्ध २०१४ चा सावकारी कायदा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. हे वकिलाचं काम आहे, असं कृपा करून म्हणू नका. कर्जात सापडलेल्या घरातल्या बाईला वकिलापर्यंत पोचवणारं दुसरं कुणी नसतं.

आणखी एक. कर्ज उघडं पडतं, त्या दिवसांत जिवाला धोका असतो. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं, याच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा, आणि पुढचे काही दिवस आपण स्वतः फोन करायचा.

हे सगळं दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. मिलर आणि रोलनिक यांची प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत आपण सगळे शिकतो. पण नंतर कुणी आपलं काम ऐकून सुधारणा सांगितली नाही, तर ते कौशल्य काही महिन्यांत ओसरतं, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलेल्या मुलीला आपण एक प्रमाणपत्र देतो, तीस केसेस देतो आणि एकटी सोडतो. संस्थाचालक इथे बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे: आठवड्यातला एक तास ज्येष्ठ सहकाऱ्याने तिच्याबरोबर बसायचं, आणि तो तास पगारी कामाचा धरायचा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ हवी. देणगीदार नाही म्हणाले, तर भांडा.

केसपेपरवर मात्र उद्यापासून दोन प्रश्न घालता येतील. जुगारात अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का? किती लावले, याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? दारूसाठी आलेल्या माणसालाही ते विचारायचे. एकाला जरी हो आलं, तरी पुढची चौकशी करायची. दुपारच्या सत्रात जोड्या करून हेच दोन प्रश्न आणि कर्जाची यादी विचारण्याचा सराव आहे. प्राध्यापकांनीही त्यात बसावं.