श्री. पु. भागवत आणि आपली सीमेवरची मराठी



पुस्तकावर लेखकाचे नाव ठळक असते, प्रकाशकाचे बारीक अक्षरात. श्री. पु. भागवत (१९२३–२००७) हे अशा बारीक अक्षरातले मोठे नाव. ‘मौज प्रकाशन’ आणि ‘सत्यकथा’ मासिक यांतून त्यांनी नवकथा आणि नवकवितेला हक्काची जागा दिली. हस्तलिखित बारकाईने वाचायचे, शंका पत्राने कळवायच्या आणि पुनर्लेखन लेखकाकडूनच करवून घ्यायचे, ही त्यांची व राम पटवर्धनांची रीत. याच चोखंदळपणात आपल्याला जागा नाही, असे वाटून १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला. पुढे १९८२ मध्ये मासिक बंद झाले.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र आठवतात. सौंसरच्या एका विद्यार्थ्याने कथेत लिहिले होते, ‘आई संत्री तोडून राहिली होती.’ मी लाल शाईने ‘तोडत होती’ केले. त्याला काही विचारले नाही. त्याने पुन्हा कथा दाखवली नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. आपल्या मुलांचे शिक्षण बहुतेक हिंदीत होते. मराठी उरते ती घरात आणि संत्र्याच्या बागेत. ती कागदावर उतरताच आपण खोडणार असू, तर मुले लिहितील कशात?

श्री. पुं.कडून वाचण्याची चिकाटी घेऊ, अंक जाळणाऱ्यांकडून दार उघडे ठेवण्याचा इशारा. आणि शिक्षकहो, खोडण्याआधी एकदा विचारू या: ‘बाळा, हे असे का लिहिलेस?’