मुलांना बोलू द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी तरी शिकलेली बाई बोलते. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी अंगात रक्त कसे वाढवावे ते सांगितले आणि आपण सगळ्यांनी आठवडाभर नेमाने गूळ-शेंगदाणे खाल्ले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले तेव्हा माझ्या हातात कणकेची परात होती, ती मी खाली ठेवली. मी सातवी पास. पुढची शाळा लांब होती, घरात धाकटी भावंडे होती, आणि "तुला शिकायचे आहे का?" असे मला कोणी विचारलेही नाही. विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे आज माझे मलाही सांगता यायचे नाही.

विषय दिला आहे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या स्वत्वाचा. शब्द मोठा वाटला म्हणून मुलालाच अर्थ विचारला. तो म्हणाला, "आई, आपले आपण असणे." मग मात्र मी हो म्हटले, कारण ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली नाही. ती माझ्या घरात घडली आहे, आणि आम्हांला ती महागात पडली आहे.

आपल्या गावाला आता अभियांत्रिकीचे कॉलेज आहे. मराठवाड्यातली, विदर्भातली मुले इथे खोल्या घेऊन राहतात. आमच्याही मागच्या खोलीत दोन मुली राहतात, त्यातली एक बीडकडची. माझ्याकडेच जेवतात. पहिल्या दिवशी मी विचारले, "बाळ, काय करू जेवायला?" ती म्हणाली, "काहीही चालेल, काकू." दुसऱ्या दिवशीही "काहीही चालेल." चहा की दूध? काहीही. खिडकीकडची खाट की भिंतीकडची? कोणतीही. आधी मला वाटले, केवढी गुणी पोर! आई-बापांनी वळण लावावे तर असे. पण महिनाभराने माझ्या मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षांच्या मुलीला मेथी आवडते की शेपू, एवढेही सांगता येत नसेल, तर उद्या नोकरी कुठली, मुलगा कुठला, हे ती कशी सांगणार?

तिला नावे ठेवण्याआधी मी आपल्याकडे पाहिले. पाहुणे येतात, मुलाला विचारतात, "काय रे, कितवीत आहेस?" आणि उत्तर कोण देते? आपण देतो! "सातवीत आहे. गणितात हुशार आहे. मोठा झाल्यावर इंजिनीअर होणार आहे." पोरगा आपला पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत उभा. सोळा वर्षे आपण त्याच्यावतीने बोलतो आणि सतराव्या वर्षी म्हणतो, हा तोंडातून शब्द काढत नाही.

माझ्या मुलीचे सांगते. ती अकरावीत असताना वक्तृत्वस्पर्धेत नाव दिले. मी हौसेने ओळखीच्या एका शिक्षकांकडून भाषण लिहून आणले. काय त्यातले शब्द! मला अर्धे कळले नाहीत, म्हणजे ते नक्कीच चांगले असणार. मुलीने दहा दिवस घोकले. व्यासपीठावर चौथ्या वाक्याला अडकली आणि पुढचे एक अक्षर आठवेना. शब्द तिचे नव्हतेच, मग एक निसटल्यावर दुसरा कुठून आणणार? ती खाली उतरली ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आता तर शिक्षकांकडेही जावे लागत नाही, फोनला सांगितले की फोनच भाषण लिहून देतो. सोय झाली खरी. पण त्या सोयीची मला जरा भीती वाटते.

आता मुलाचे. हे सांगावे की नाही, यावर घरात चर्चा झाली. तो स्वतःच म्हणाला, "सांग, पण नाव घेऊ नकोस."

बारावी झाल्यावर त्याला आम्ही अभियांत्रिकीला घातले. गावातली, भावकीतली मुले जात होती. ह्यांना चाकणच्या कारखान्यातले साहेब रोज दिसत, आपला मुलगा तसा व्हावा असे वाटणे गैर नव्हे. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत तांदळाच्या पिंपामागे मला त्याचे निकालाचे कागद सापडले. एक नव्हे, दोन परीक्षांचे. चार विषय राहिले होते, वर्ष गेलेले होते, आणि तो रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडत होता. माझे हातपाय गळाले. मार्क कमी पडल्याचे दुःख मला तितके झाले नाही. माझ्या हातचा डबा घेऊन माझे लेकरू दिवसभर कुठे बसत असेल, एकटे, हे मनातून जाईना.

रात्री मी विचारले, "अरे, आम्हांला सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "सांगायला तुम्ही जागा कुठे ठेवली होती?"

ह्यांचा राग झाला, तो व्हायचाच होता, पैसाही थोडाथोडका गेला नव्हता. मी मात्र त्याला म्हटले, बरे, तुला काय करायचे आहे ते सांग, तसे करू. मला वाटले, आता तो चित्रकला म्हणेल, गाणे म्हणेल, सिनेमात असते तसे काहीतरी म्हणेल. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला काय हवे ते मलाच ठाऊक नाही, आई." भगिनींनो, ही खरी अडचण आहे. कोंबडा झाकला होता, टोपली काढली की आरवेल, असे आपण समजतो. पण कित्येक वर्षे आवाजच काढला नसेल तर टोपली काढूनही लगेच काही ऐकू येत नाही.

त्या पावसाळ्यात मी त्याला भाताचे खाचर दिले. म्हटले, यंदा हे तुझे. वाण कोणता, मजूर किती, खत कधी, सगळे तू ठरव. चुकले तर आपण विकतचा तांदूळ खाऊ. त्याने इंद्रायणी लावला. हा वाण आपल्या वडगावच्याच भात संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला, हे त्यानेच मला शोधून सांगितले. इतकी वर्षे मी तो शिजवते, मला ठाऊक नव्हते. एका वहीत तो रोज लिही. मी ती वही कधी उघडली नाही, आणि हे न उघडणे सोपे नव्हते, पिंपामागच्या कागदांनंतर तर नाहीच. लावणीला त्याने उशीर केला, मला दिसत होते, जीभ चावून गप्प बसले. चार पोती कमी आले. दिवाळीनंतर तो म्हणाला, "मी राहिलेले विषय काढतो. यंत्राचे काम मला नको होते असे नाही, मला फक्त कोणी विचारले नव्हते." त्याच कॉलेजात, त्याच वाटेने तो परत गेला. मागच्या वर्षी पास झाला. ह्यांचे अजून म्हणणे आहे की एवढेच करायचे होते तर दीड वर्ष फुकट का घालवले. त्यावर आमचे एकमत झालेले नाही.

ह्यांनी आणखी एक शंका काढली, ती रास्त आहे. "आतला आवाज म्हणजे मनाला येईल ते? उद्या पोरगा म्हणेल, माझा आतला आवाज सांगतो की झोपा काढ." मला एकदम उत्तर देता आले नाही. मग मला महात्माजींची गोष्ट आठवली, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. ८ मे १९३३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी एकवीस दिवसांचा उपास सुरू केला, अस्पृश्यता निवारणासाठी, आत्मशुद्धीसाठी. सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडले, उपास पुण्यात पर्णकुटीत पुरा झाला. आतल्या आवाजाने हे करायला सांगितले असे ते म्हणाले. तेव्हाही पुष्कळांनी शंका घेतली. पण त्या आवाजाची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने दिली, दुसऱ्याला उपाशी ठेवले नाही. मी घरात तेवढीच खूण धरते. मुलगा जे म्हणतो त्याचे कष्ट तो स्वतः करायला तयार आहे का? असेल तर ऐकावे. झोपा काढायला आतला आवाज लागत नाही.

आणि आपण सुदुंबऱ्याच्या बायका, आपल्याला फार लांब जायला नकोच. ज्या संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीला आपण रोज हात जोडतो, ते कोण होते? तेल गाळणारे. तुकोबांचे टाळकरी, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, का, तर ह्या माणसाने मराठीत असे बोलावे हे काहींना रुचले नाही. तेव्हा तो शब्द टिकवण्यात संताजींचा हात होता असे आपण परंपरेने ऐकत आलो. त्यांच्या हातची वही म्हणून जी राहिली तिच्यावरून वि. ल. भावे यांनी शंभर वर्षांपूर्वी गाथा छापला. एवढे आपण दर ८ डिसेंबरला, जयंतीला, ऐकतो. पण मला जास्त विचार करायला लावते ती दुसरी गोष्ट. इतके दिवस दुसऱ्याचे, आणि तेही तुकोबांचे, शब्द लिहिणाऱ्या माणसाने पुढे स्वतःचे अभंग केले, आणि ते कशावर? घाण्यावर! आपल्या घरातल्या लाकडी घाण्यावर. गुरूचे शब्द हाताखालून गेल्यावर त्यांना गुरूसारखे बोलण्याचा मोह झाला नसेल का? झाला असेल. तरी ते आपल्या धंद्याच्या भाषेत बोलले. मुलीला ती स्पर्धा पुन्हा आली तेव्हा मी तिला हेच सांगितले. तिने विषय घेतला, आमच्या घरातले पाणी कोण भरते. नंबर आला नाही. पण अडकली नाही.

माझी आजी चारचौघांत कधी बोलली नाही. पण पहाटे जात्यावर बसली की माहेर, सासर, भाऊ, विठोबा, नवऱ्याचा राग, सगळे ओवीत येई. जात्याने तिला मध्येच कधी तोडले नाही, "तुला काय कळते" म्हटले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या मावळ-मुळशीच्या डोंगरात आणि पुढे महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक २०१७ पासून पारी नावाच्या संग्रहात कोणालाही ऐकायला मिळतात. मी मागच्या खोलीतल्या मुलींबरोबर ऐकल्या. त्या मुली चकित झाल्या. त्यांच्या पणज्यांना अक्षर येत नव्हते आणि स्वतःचे म्हणणे होते. ह्यांना अक्षरे येतात तीन भाषांची.

जाते आता कोणाकडे फिरत नाही, आणि ते परत आणा असे मी म्हणणार नाही, दळलेल्या बाईला विचारा का ते. पण मध्ये न बोलता ऐकणारी एखादी जागा मुलांना हवी. म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास मंडळाची खोली कॉलेजच्या मुलामुलींना द्यावी. त्यांनी आपापल्या बोलीत बोलावे, बीडच्या मुलीने बीडचे बोलावे, कोणी हसू नये. आपल्यापैकी दोघी जणींनी चहा ठेवावा आणि गप्प बसावे. गप्प बसण्याची पाळी पहिल्या महिन्यात मी घेते, कारण सवय मलाच जास्त लागणार आहे. काही भगिनींना वाटते, मुले-मुली एकत्र, लोक काय म्हणतील. दार उघडे राहील, आपण तिथे असू. तरी ज्यांच्या मनात आहे त्यांनी बाहेर कुजबुजण्यापेक्षा आज सभेतच सांगावे, मी रागावणार नाही.

मागच्या खोलीतल्या मुलीचे राहिले. परवा मी नेहमीसारखे विचारले, काय करू? ती म्हणाली, "काकू, आज धपाटे करा." मग जरा थांबून म्हणाली, "राहू द्या, मीच करते. तुम्ही तीळ फार कमी घालता."

खोलीची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. येत्या शनिवारी साडेपाचला यावे. दूध मी आणीन, साखर कोणी तरी आणावी.