आरोपीच्या पिंजऱ्यातली आई

(तुळजापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला 'संकटांवर मात' हा विषय दिला. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'निवृत्त शिक्षिका' असं छापायचं ठरलं होतं. त्यापुढे 'एका स्वमग्न मुलाची आई' असंही छापा, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती लगेच मानली. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या नात्यानं.

आपल्या आई तुळजाभवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे, तो तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. लग्नाचे, नोकरीचे, कोर्टकज्ज्यांचे प्रश्न तिथं रोज येतात. 'माझं लेकरू बोलंल का?' हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आयाही असतात. मीही त्यांतलीच एक. कौल काय मिळाला ते देवीच्या आणि माझ्यात राहू द्या. मला सांगायचंय ते त्या प्रश्नाच्या पोटातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तो असा की, 'माझं काय चुकलं?'

हा प्रश्न बाईला आपणहून सुचत नाही. तो तिच्या कानांवर घातला जातो. गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल. कुलाचार राहिला असेल. गोंधळ घालायचा चुकला असेल. बाहेरचं काही असेल. शिकलेल्या घरांत शब्द बदलतात, बोट मात्र तिच्याकडंच वळतं. मोबाईल दिला असेल, घरात कुणी बोलत नसेल, आई नोकरी करते ना! माझ्या मुलाला घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडं गेले होते. त्यांनी मुलाकडं पाहिलंही नव्हतं, तेवढ्यात मला विचारलं, "शाळेतल्या दुसऱ्यांच्या मुलांना शिकवता, मग याच्याशी बोलायला वेळ मिळतो का?" सोबत माझे सासरे होते. मामंजींनी त्या दिवशी माझी बाजू घेतली, म्हणून मी ताठ मानेनं घरी आले. ज्यांच्यासोबत असं कुणी नसतं, त्या बायकांचं काय होत असेल, हे मनात येतं तेव्हा आजही जीव कासावीस होतो.

हा आरोप फक्त आपल्याकडचा, अडाणीपणातून आलेला, असं कुणी समजू नये. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं १९४३ मध्ये ११ मुलांची लक्षणं मांडणारा निबंध लिहिला. आज आपण ज्याला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो, त्याचं वर्णन त्यात आहे. मुलांचं निरीक्षण त्यांनी बारकाईनं केलं होतं. पण पुढच्या काही वर्षांत ते आईवडिलांच्या थंडपणाबद्दल लिहू लागले आणि तिथून 'रेफ्रिजरेटर मदर' ही कल्पना रूढ झाली. म्हणजे आईच्या मायेत ऊब नव्हती, म्हणून मूल मिटून गेलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये याच मतावर पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवणं हाच उपाय, असं त्यांचं म्हणणं. ग्रहणाचा दोष आणि हा दोष यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. दुसऱ्याला पदव्यांचा आधार होता, इतकंच.

हे मोडून काढलं कुणी? पालकांनी. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क १९५६ मध्ये जन्मला. तो रडायचा थांबत नसे, आईला ओळख देत नसे, पुढं तीच ती वाक्यं म्हणत बसे. बाप मानसशास्त्राचा पदवीधर, पण त्याला काही उमगेना. त्यांची बायको ग्लोरिया हिला आठवलं की कॉलेजात असताना एका पुस्तकात अशाच मुलाबद्दल वाचलं होतं. गॅरेजमध्ये जुन्या पुस्तकांचं खोकं पडून होतं. ते उघडलं, पुस्तक शोधलं आणि त्यात त्यांचा मार्कच लिहिलेला सापडला! तिथून या माणसानं मिळेल तो शोधनिबंध वाचून काढला. आईच्या वागण्यामुळं ऑटिझम होतो याला पुरावाच नाही, मुळं शरीरात आणि मेंदूच्या घडणीत आहेत, हे त्यांनी १९६४ च्या पुस्तकात मांडलं. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली कॅनर यांनीच. पुढं १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत उभं राहून कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. ज्यांच्या लेखणीनं आरोप सुरू झाला त्यांनीच तो मागं घेतला. ग्लोरियाला ते पुस्तक आठवलं नसतं तर काय झालं असतं, कोण जाणे. इतिहासात तिच्या नावाला फारशी जागा नाही. मला ती फार मोठी वाटते.

इंग्लंडमध्ये लोर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यांची मुलगी सुझी स्वमग्न. १९६२ मध्ये इतर पालकांना घेऊन त्यांनी संस्था काढली आणि पुढं आयुष्यभराच्या संशोधनातून दाखवलं की ऑटिझम ही एकाच साच्यातली अवस्था नाही. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी रेल्वेचं सगळं वेळापत्रक पाठ म्हणतो. आज ज्याला 'स्पेक्ट्रम' म्हणतात तो विचार त्यांचा.

आपल्या महाराष्ट्रात तर याच्याही आधी एक घर उघडलं होतं. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याची मुलगी दीना हिला डाउन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती. १९४४ साली त्यांनी स्वतःच शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. या संस्थेनं तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम आता राज्यभरच्या विशेष शाळांमध्ये शिकवला जातो. एका मुलीसाठी मांडलेली शाळा ऐंशी वर्षांनी आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या मुलांपर्यंत येते. अशा वेळी 'मी एकटी काय करणार' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आता यशोगाथांबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०१४ चा 'यलो' सिनेमा पाहिला असेल. पुण्याची गौरी गाडगीळ, डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू. २००७ मध्ये शांघायच्या स्पेशल ऑलिंपिकमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं. त्या सिनेमात तिनं स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. मला ती मुलगी मनापासून आवडते. पण तो सिनेमा आल्यावर लोक मला विचारू लागले, "तुमच्या मुलात काय विशेष आहे? अशा मुलांत काहीतरी असतंच म्हणतात." माझ्या मुलाला पोहता येत नाही. चित्र काढता येत नाही. गणितात तो चमत्कार करत नाही. त्याला शर्टाची बटणं लावता येतात, आणि ती कशी लावायला आली, हे मी तुम्हांला सांगणार आहे.

आपण मुलांना वरून खाली शिकवतो. पहिलं बटण, दुसरं बटण. मूल पहिल्याच बटणाला अडकतं, चिडतं, शर्ट भिरकावतं. एका विशेष शिक्षिकेनं मला उलटी रीत दाखवली. सगळी बटणं आपण लावायची. शेवटचं बटणही काज्यातून अर्धं बाहेर काढायचं. त्यानं फक्त ओढायचं. ओढलं की शर्ट पूर्ण. काम संपवलं कुणी? त्यानं! ते जमलं की शेवटचं आख्खं बटण त्याचं. मग शेवटची दोन. दर वेळी शेवट त्याच्या हातून, म्हणून दर वेळी जमल्याचा आनंदही त्याचा. काजी थोडी मोठी करून घेतली, बटणं जाड लावली. आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं ती कामं पैसे न घेता करून दिली. याच रीतीनं तो आंघोळ करायला, ताट धुवायला, अंथरुणाची घडी घालायला शिकला. सकाळी तो पूर्ण बटणं लावून बाहेर येतो, तेव्हा आमच्या घरात कुणी टाळ्या वाजवत नाही. चहा देतो. मला हवं होतं ते हेच साधं आयुष्य, आणि ते मिळवायला किती लागतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी मी हे एवढं तपशिलात सांगितलं.

शिक्षक म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. वाचताना अक्षरं अडणारी, लिहिताना गोंधळणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आम्ही 'ढ' म्हणत आलो. महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. शहरातल्या शाळा त्या घेतात. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला ही सवलत आहे हे त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. आणि अशा ना तशा अडचणी असलेली मुलं थोडीथोडकी नाहीत. देशातल्या पाच ठिकाणी, त्यांत आपला शेजारचा उत्तर गोवाही होता, पाहणी करून २०१८ मध्ये अंदाज मांडला गेला. ६ ते ९ वयाच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित कोणती ना कोणती अडचण असलेली मुलं शंभरात तेरा-चौदा. म्हणजे तीस पोरांच्या वर्गात चार.

आता आपल्या गावाबद्दल. नवरात्रात महाद्वारातून आत शिरलं की संबळ, हलगी, स्पीकर, 'आई राजा उदो उदो'चा गजर, अंगाला अंग घासणारी गर्दी, कपाळावर अनोळखी बोटांनी ओढलेला मळवट. तुम्हांआम्हांला त्यात भक्ती भरून येते. स्वमग्न मुलाच्या कानांना तोच आवाज टोचतो, त्याच्या कपाळाला ते बोट खुपतं. तो कानांवर हात ठेवून खाली बसतो, किंचाळतो. मग मागून आवाज येतो, "वळण लावलं न्हाई पोराला." त्या क्षणी आईची ओटी तशीच हातात राहते. माझी पुजारी बंधूंना, दुकानदारांना, स्वयंसेवकांना हात जोडून विनंती आहे. असं लेकरू दिसलं तर वाट द्या, ढकलू नका, विचारल्याशिवाय कपाळाला हात लावू नका. गर्दी नसलेल्या वेळी अशा कुटुंबांना शांतपणे दर्शन मिळेल अशी सोय ठेवली, तर किती आया वर्षांनी पायऱ्या उतरतील! ही देवी आई आहे. तिच्या दारात आईलाच खाली मान घालायला लागू नये.

काही कामाच्या गोष्टी सांगते. दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. दिव्यांगतेचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. लातूरला 'उमंग', शेजारी हरंगुळला 'संवेदना' अशी केंद्रं उभी राहिली आहेत. बाळंतपणापासून घर ओळखणाऱ्या आमच्या आशाताईंना आणि अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनसारख्यांनी घडवलेल्या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना ही लक्षणं शिकवली, तर सुरुवात दारातच होईल. आपल्या तालुक्याच्या गावात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल १९८६ पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आमच्या घरी यावं, मी त्यांना भाकरी खाऊ घालीन.

आणि पुरुषांनो, तुमच्यासाठी एक. ही मुलं सांभाळणाऱ्या घरांत बाप हळूहळू बाहेरच्या कामांत गुंततो आणि आई मुलासकट आतल्या खोलीत जाते. आमच्याकडं रोज रात्रीचं जेवण मुलाला वाढायचं काम ह्यांनी घेतलं. तेवढ्या एका कामानं मला दिवसातला एक तास मिळाला, आणि बापलेकांना एकमेकांची भाषा कळली.

रात्री झोप लागू न देणारा प्रश्न शेवटी राहतोच. आमच्यानंतर काय? मूल १८ वर्षांचं झालं की स्वमग्न किंवा बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलाचे आईवडीलसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत, जमिनीच्या सातबाऱ्यावर, वारसाहक्कात तिथंच गाडं अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यायचं असतं. आमच्या मुलासाठी आम्ही ते घेतलंय, आणि आमच्यानंतर कोण, याचं बोलणं त्याच्या बहिणीशी तिच्या लग्नाआधीच उघडपणे केलंय. तिच्यावर लादायचं नाही, हे आमचं ठरलंय. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही मोठ्या वयाच्या मुलांच्या निवासाची संस्था उभी केली. मराठवाड्यात आपल्या माणसांत, आपल्या बोलीत असं घर व्हायला हवं. जागा, पैसा, परवानग्या ही पुढची बोलणी. आधी पालक एकमेकांना माहीत तर होऊ देत.

म्हणून व्याख्यान संपल्यावर मी इथं डाव्या बाजूच्या टेबलाशी थांबणार आहे. पालकत्वाच्या आणि यूडीआयडीच्या अर्जांचे नमुने आणलेत, ते घेऊन जा. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी वहीत नाव आणि फोन लिहा, स्वतःच्या घरी नसेल तर शेजारच्या आईला निरोप द्या. महिन्यातून एकदा भेटू. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून, कारण त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. मुलांना सोबत आणा. माझा मुलगाही येईल.