बँकेत मशिन आलं तेव्हा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, सर्वांचं अभिनंदन! सेक्रेटरींनी मला ‘कामातले बदल’ या विषयावर बोलायला सांगितलंय. खरं तर मी विरोध करणाऱ्यांपैकी. बँकेत युनियनचा शाखा प्रतिनिधी होतो.

१९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. पुढे शाखांत लेजर पोस्टिंग मशिनं येऊ लागली. आम्ही गेटवर घोषणा द्यायचो. नोकऱ्या जातील ही भीती होती आणि ती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही.

आमच्या शाखेत एक हेड क्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. उभ्या आकड्यांवरून नुसती नजर फिरवून बेरीज सांगायचे. सहामाही व्याजाच्या वेळी रात्री लेजर जुळलं नाही, की सगळे त्यांच्याकडे धावायचे. मशिन आलं तेव्हा साहेबांनी दोन तरुण पोरांना ट्रेनिंगला पाठवलं. अण्णांना कुणी विचारलंही नाही. ते वरचेवर रजा टाकू लागले. मी साहेबांशी भांडलो, पण युनियनच्या मुद्द्यावर. अण्णांना काय वाटतंय, हे मीही विचारलं नव्हतं.

एकदा चहा पिताना तेच म्हणाले, “अरे, नोकरीचं भय नाही, चारच वर्षं राहिलीत. पण या पोरांसमोर एकेक अक्षर शोधत बोट आपटायचं, त्याची लाज वाटते.”

पुढे जुन्या खात्यांच्या शिल्लक रकमा मशिनमध्ये भरल्या, तर एकूण बेरीज जुळेना. सत्तावीस रुपयांचा फरक. पोरं तीन दिवस शोधत होती. शेवटी अण्णांना बोलावलं. ते म्हणाले, “फरकाला नवाने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत.” दुपारपर्यंत ६३ च्या जागी ३६ पडलेली रक्कम सापडली. त्यानंतर साहेबांनी रोजचं चेकिंग अण्णांकडे दिलं. पोरं त्यांना कीबोर्ड शिकवायची, ते पोरांना हिशेब. रजा थांबल्या.

आता आपलं. मेंटेनन्स मोबाइलवरून भरायचा, गेटवर ॲप, असं ठरलंय. गेल्या सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विरोध केला, तेव्हा हशा पिकला. मीही हसलो. घरी गेल्यावर अण्णा आठवले आणि रात्रभर चैन पडेना.

माझी एवढीच विनंती आहे. वॉचमनचं रजिस्टर सहा महिने तरी चालू ठेवा. दर रविवारी तासभर मुलांनी ऑफिसात बसून ज्येष्ठांना ॲप शिकवावं. आणि टाकीचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, कुठली लाइन कुठे जाते, हे त्याच ज्येष्ठांकडून लिहून घ्यावं. ते कुठल्याही ॲपमध्ये नाही.

येत्या रविवारी दहा वाजता मी येतोय. त्या सभासदांची माफी मागायची आहे, आणि ते ॲप मलाही अजून नीट येत नाही.